दाराआडची शाळा

आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा बाई फळ्यावर इंग्रजी शब्द लिहीत होत्या आणि आम्ही मान खाली घालून ते उतरवत होतो. शेजारच्या मुलीनं कोपर मारलं म्हणून मी वर पाहिलं. आईच्या कडेवर सुमू होता. सुमेध, माझा धाकटा भाऊ, तेव्हा पहिलीत होता. कडेवर घ्यायचं वय कधीच उलटलं होतं, त्याचे पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. त्याची चड्डी ओली होती आणि आईच्या साडीवरही ओल उतरली होती. आई बाईंशी एक अक्षर बोलली नाही. मला म्हणाली, "करुणा, दप्तर घे." मी बाकाखालचा डबा काढला, दप्तर खांद्याला लावलं आणि तिच्यामागून निघाले. शेवटचा शब्द माझा अर्धाच लिहून झाला होता. आपण त्या वर्गात पुन्हा पाऊल ठेवणार नाही हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी निदान तो शब्द तरी पुरा केला असता.

घडलं होतं ते एवढंच. सुमू डबा विसरला म्हणून आई तो द्यायला शाळेत गेली होती. सुमू व्हरांड्यात एकटा भिंतीला टेकून उभा होता. त्या शाळेत लघवीला जायचं तर इंग्रजीत विचारावं लागे. ते वाक्य आम्हा सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलेलं असे. सुमूला ते येत होतं, घरी तो मला म्हणूनही दाखवायचा, पण वर्गात त्याची जीभ टाळूला चिकटायची. त्या दिवशी त्यानं मराठीत विचारलं. बाई म्हणाल्या, नीट विचार. त्यानं परत मराठीतच विचारलं, मग विचारणंच सोडलं, आणि मग व्हायचं ते झालं. बाकीच्या मुलांना समजावं म्हणून त्याला बाहेर उभं केलं होतं. त्या दिवसापासून सुमू परक्या माणसासमोर बोलायचा बंद झाला. घरात आमच्याशी बोलायचा, भांडायचा, गाणी म्हणायचा. पण उंबऱ्यात कोणी आलं, अगदी दूधवाला जरी आला, तरी त्याचे ओठ मिटायचे.

सोलापुरात आमचं घर बुद्धविहाराच्या मागच्या बोळात होतं. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं चार माणसं बसतील एवढा ओटा. पप्पा एसटीत कंडक्टर होते. त्यांना मुक्कामाची ड्यूटी असे, कधी अकलूज, कधी अक्कलकोट, त्यामुळे ते एक दिवसाआड घरी असायचे आणि असायचे तेव्हाही निम्मा वेळ झोपलेले. बोळाच्या पलीकडच्या अंगाला तेलुगू घरं होती. समोरच्या ओट्यावर नरसक्का मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसायची. तिची बोटं थांबलेली मी कधी पाहिली नाहीत. मागच्या गल्लीत यंत्रमाग होते. त्यांचा खडखडाट दिवसभर चालायचा आणि आम्हाला तो ऐकूसुद्धा येत नसे. वीज गेली की मात्र तो एकदम थांबायचा आणि सगळा बोळ कोणीतरी काहीतरी सांगणार असल्यासारखा गप्प व्हायचा.

पप्पा दुसऱ्या दिवशी आले. आईनं त्यांना पाणी दिलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते शाळेत जाऊन भांडले. परत आल्यावर म्हणाले, दुसरी शाळा बघू. आई म्हणाली, "बघा की. तंवर मी शिकवते. पण त्या शाळेत माझं एकबी पोर जाणार न्हाय." माझी काहीच तक्रार नव्हती, माझा नंबरही बरा यायचा, पण त्या 'एकबी'मध्ये मीही होते. आणि ते 'तंवर' लांबत गेलं.

आईला शिकवता येत होतं, हे मी आधी लिहायला हवं होतं. ती सांगोल्याकडच्या एका कोरड्या गावातली. मामांनी शेरडं विकून तिला डी.एड.ला घातलं होतं. ती चांगल्या गुणांनी पास झाली, पण शिक्षकांची भरती कधी निघालीच नाही आणि खाजगी संस्थांत देणगी मागायचे. लग्न झालं, आम्ही झालो, आणि तिचं शिकवणं पेटीतल्या जरीच्या साडीसारखं घडी घालून राहिलं. आता ती घडी मोडली. सकाळी भाकरी झाल्या की ती चुलीपुढची जागा पुसून घ्यायची, हात धुवायची, पदर खोचायची आणि आमच्यासमोर मांडी घालून बसायची. त्या क्षणी ती आई राहायची नाही. "नमस्ते मुलांनो," म्हणायची. आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

पहिले काही महिने मला आठवतात ते वासासकट. सोलापुरातल्या कुठल्याही घरासारखी आमच्याकडेही शेंगाची चटणी कुटली जायची. शेंगा फोडताना सुमू बेरजा शिकला, दाणे निवडताना वजाबाक्या. खवट दाणे एका बाजूला, चांगले दुसऱ्या बाजूला, आणि उरले किती. चुकला तर ती रागवायची नाही. "परत मोज," म्हणायची, आणि दोन दाणे त्याच्या तोंडात टाकायची. मला तिनं भाकरीच्या तव्यावरून वर्तुळ शिकवलं, पप्पांच्या तिकिटांवरून अंतर आणि वेळ. पप्पा आले की त्यांच्या वाटेवरची गावं ती आम्हाला क्रमानं म्हणायला लावायची आणि पप्पा अर्धवट झोपेत चूक काढायचे. भाषेच्या बाबतीत मात्र ती फार कडक होती. एरवी ती स्वतः हाय-न्हायच बोलायची, पण धड्याला बसलं की आहे-नाही. सुमू 'हाय' म्हणाला की ती थांबायची आणि तो 'आहे' म्हणेपर्यंत पुढं जायची नाही. तिथंही तिचा आवाज चढायचा नाही, ती नुसती वाट बघायची. सुमूला वाट बघणारं माणूस हवं होतं. तो भराभर वाचायला लागला.

आता याला होमस्कूलिंग म्हणतात. माझ्या ओळखीचं एक जोडपं आपल्या मुलीला घरीच शिकवतं. त्यांच्या घरी नकाशे आहेत, सूक्ष्मदर्शक आहे, आणि अशाच इतर घरांतली मुलं आठवड्यातून एकदा बागेत जमतात. ते फार आनंदानं सगळं सांगतात आणि मलाही ते ऐकायला आवडतं. आम्हीही लहानपणी काही दिवस घरीच शिकलो, असं मी एकदा त्यांना सांगितलं तर त्यांना केवढं कौतुक वाटलं. पुढचं मी सांगितलं नाही.

पुढचं सुरू झालं ते आत्यापासून. विमलआत्या ही पप्पांची थोरली बहीण, महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका. आमच्या कुळातली पहिली पदवीधर. पप्पा लहानपणी शाळा बुडवून विहिरीवर पोहायला जायचे तेव्हा तीच त्यांना बखोटीला धरून वर्गात नेऊन बसवायची. ती आमच्याकडे आली तेव्हा दुपारचे धडे चालले होते. तिला वाटलं आम्ही आजारी आहोत. मग तिला कळलं. ती आईला आधी नीट समजावून सांगत होती. मग तिचा आवाज चढला. शाळेत मार बसला म्हणून शाळा सोडायची असती तर ती आज कुणाच्या तरी शेतात खुरपत असती, म्हणाली. आमच्या माणसांना शाळेची पायरी चढू देत नव्हते, आणि तू आपल्या हातानं पोरं खाली उतरवलीस, म्हणाली. आई खाली मान घालून दाणे निवडत होती. ती फक्त एवढंच म्हणाली की, आक्का, तुमी त्याला बोलवून बघा. आत्यानं सुमूला जवळ बोलावलं, लाडानं नाव विचारलं. सुमू माझ्या पाठीमागं गेला. आत्यानं पुन्हा विचारलं. मग तिनं आवाज खाली आणला, पण जाताना पप्पांसाठी निरोप ठेवून गेली की भावानं माझ्या घरी यायचं ते पोरांना शाळेत घातल्यावरच.

पप्पा आत्याकडे जायचे थांबले. विहारात पौर्णिमेला बाया आईला विचारू लागल्या. कोणी सरळ विचारायचं, कोणी दुसरीला सांगितल्यासारखं करून आईला ऐकवायचं. त्यांचं चूक नव्हतं. त्या घरोघरी भांडी घासून, बांधकामावर विटा वाहून मुलांना शाळेत पाठवत होत्या, आणि ही शिकलेली बाई मुलं घरात घेऊन बसली होती. आईनं विहारात जाणं सोडलं. मग शाळेच्या वेळात आम्ही बाहेर दिसू नये म्हणून ती दार लोटून घेऊ लागली, आणि काही दिवसांनी आतून कडी घालू लागली.

सोलापूरचा उन्हाळा आणि पत्र्याखालची बंद खोली. पंखा असायचा तो विजेबरोबर जायचा. आम्ही ओलं फडकं डोक्यावर घेऊन पाढे म्हणायचो, तेही हळू, कारण आवाज बाहेर जाऊ नये. दाराला वर एक फट होती. डब्यावर उभं राहिलं की तिच्यातून बोळाचं तोंड दिसायचं. पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुली जायच्या, त्यांच्यातल्या दोघी माझ्या ओळखीच्या होत्या. संध्याकाळी मी त्यांच्यात खेळायला गेले की त्या बाईंच्या नकला करायच्या, कुणाला कशी शिक्षा झाली ते सांगायच्या, आणि मी हसायच्या जागी हसायचे. सुमूला हे घर पुरत होतं. मला पुरत नव्हतं. पण मी तसं म्हणत नसे, कारण सुमू बरा होत होता आणि तो कशामुळे बरा होतोय हे मला दिसत होतं.

आई वाळत चालली होती. धडे, स्वयंपाक, पाणी भरणं, आणि बाहेर कुणाचा पायरव झाला की दचकणं. एकदा मी गणित टाकून फटीतून बघत होते तेव्हा तिनं हातातल्या लाटण्यानं माझ्या पोटरीवर मारलं. तिनं आम्हाला त्याआधी कधी हात लावला नव्हता. मी ओरडले नाही, कारण आवाज करायचा नाही हे अंगात मुरलं होतं. तिनं लाटणं खाली ठेवलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, आज एवढंच. त्या दुपारी तिनं माझे केस विंचरले, विंचरून झाले तरी विंचरतच राहिली.

आणि मग ते दोन शिक्षक आले. त्या दिवसांत शाळेत न जाणारी मुलं शोधायला शिक्षक घरोघर फिरायचे. ते बोळात शिरल्याचं नरसक्कानं आपल्या ओट्यावरून मोठ्यानं खोकून आईला कळवलं, पण तोवर ते दारात येऊन उभे राहिले होते. एक बाई आणि एक तरुण सर. उन्हानं दोघांचे चेहरे लाल झाले होते. आईनं आम्हाला आतल्या खोलीत ढकललं, पडदा ओढला आणि दार अर्धवट उघडून त्यात उभी राहिली. पडद्याच्या कडेनं मला तिची पाठ दिसत होती. बाईंनी पाणी मागितलं. आईनं दिलं. मग बाईंनी विचारलं, घरात सहा ते चौदा वयाची मुलं कोण कोण आहेत?

आई म्हणाली, "न्हाईत. आमच्या घरात मुलं न्हाईत."

बाई तिच्या पायाजवळ बघत होत्या. तिथं आमच्या चपला होत्या, माझ्या आणि सुमूच्या, धुऊन उन्हाला लावलेल्या. त्या म्हणाल्या, घाबरू नका, आम्ही नुसतं विचारतोय. आई परत म्हणाली, न्हाईत म्हटलं ना. तिचा आवाज सपाट होता, खोटं बोलणाऱ्याचा असतो तसा नव्हता. मला वाटलं, तिला खरंच तसं वाटतंय. तेवढ्यात माझ्या शेजारून सुमू पडद्याबाहेर गेला. मी त्याचा सदरा धरायला गेले, पण तो निसटला. खोलीच्या मधोमध उभा राहून, त्या दोन परक्या माणसांकडे बघत तो मोठ्यानं म्हणाला, "हाय की. आमी हाय की हितं."

आईनं मागं वळून पाहिलं. दोन वर्षं होत आली होती. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा परक्या माणसासमोर बोलला होता, आणि ज्या शब्दावर ती रोज त्याला अडवायची त्याच शब्दानं बोलला होता. तिनं दुरुस्त केलं नाही. ती दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसली. सर तिला सावरायला पुढं झाले, पण बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. बाईंनी तिथंच ओट्यावर बसून आमची नावं विचारली. सुमूनं दोन्ही सांगितली, आधी माझं, मग स्वतःचं.

ते गेल्यावर आईनं दार उघडंच ठेवलं. चूल पेटवली नाही. सकाळच्या भाकरी होत्या, त्या मी चटणीबरोबर सुमूला दिल्या. तो खाता खाता आईजवळ गेला आणि साधेपणानं, एखादं गणित विचारावं तसं, त्यानं विचारलं, "आई, आमी न्हाय का?" तिनं त्याला जवळ ओढून घेतलं. तिच्या रडण्याला आवाज नव्हता. नरसक्का विड्यांचं सूप बाजूला ठेवून बोळ ओलांडून आली आणि तिच्याशेजारी बसली, आपल्या भाषेत काही पुटपुटत. तिची बोटं थांबलेली मी कधी पाहिली नाहीत असं वर लिहिलं आहे. त्या दिवशी पाहिली.

पप्पा आल्यावर आईनं स्वतःच सगळं सांगितलं, काहीही न गाळता. ते ऐकून पप्पा गणवेश न उतरवता तसेच आत्याकडे गेले. बंदी त्यांनीच मोडली. आत्या दुसऱ्या दिवशी आली, आणि मला वाटलं होतं तशी भांडली नाही. चहा घेतला. आईला म्हणाली, तू रोज शिकवतीस तसं शिकव, मी बसते. आई आधी नको म्हणाली. मग बसली. सुमूला भागाकार चालू होता. आत्या भिंतीला टेकून धडा संपेपर्यंत ऐकत राहिली. सुमूनं तिच्यासमोर उत्तरं दिली, हळू का होईना. मग आत्यानं चष्मा काढून पुसला.

"शोभा," ती आईला म्हणाली, "ह्याला ठेव अजून तुझ्यापाशी. ह्याचं बरं चाललंय. मी माझ्या शाळेत त्याचं नाव घालून घेते, परीक्षेपुरता आण. पण ह्या पोरीचं काय?"

आई म्हणाली की करुणा हुशार आहे, ती सुमूच्या कितीतरी पुढं आहे, तिचं काही अडलं नाही.

"मी अडलंय का म्हणून विचारत न्हाय," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "तुला काय पायजे गं?"

मला हे तोवर कोणी विचारलं नव्हतं. शाळेतून काढताना नाही, दाराला कडी घालताना नाही. पप्पा खाली बघत होते. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, धाकही नव्हता, धडा विचारून झाला की असायची तशी वाट बघणारी नजर होती. मी काही म्हटल्याशिवाय ती पुढं गेली नसती. मी म्हणाले, "मला शाळेत जायचंय." आईनं मान हलवली, उत्तर बरोबर आलं की हलवायची तशी. मग ती उठून आत गेली आणि भांडी आवरू लागली.

मी आत्याच्या शाळेत जाऊ लागले. सुमू आणखी काही काळ घरीच शिकला आणि पाचवीला माझ्याच शाळेत आला. तो कमी बोलायचा, पण बोलायचा. आज तो अकलूजला एका डेअरीत दूध तपासण्याच्या खोलीत काम करतो आणि फोनवर मला बोलू देत नाही, इतकं बोलतो. आईला नोकरी कधीच लागली नाही. वय निघून गेलं. पुढं ती बोळातल्या मुलांना संध्याकाळी ओट्यावर बसवून शिकवायची, दार सताड उघडं ठेवून. त्या दिवशीच्या त्या वाक्याविषयी मी तिला एकदाच विचारलं, माझ्या मुलीचा पहिलीत प्रवेश झाला तेव्हा. ती म्हणाली, "मला वाटलं, ते तुमाला घिऊन जातील." नंतर थोड्या वेळानं म्हणाली, "आन् घिऊन जायला पायजेत, असंबी वाटलं." माझ्या मुलीच्या शाळेतून अवेळी फोन आला की अजून मी तो उचलायच्या आधी पायात चपला घालते, आणि अशा वेळी मला आईचंच बरोबर वाटतं. फोन साध्या सहलीचा निघाला की आत्याचं.

पण मला सांगायचं आहे ते शाळेच्या पहिल्या आठवड्यातल्या एका दुपारचं. नव्या शाळेत मला मजा येत होती. रांगेत उभं राहायचं विसरले होते म्हणून मुली हसल्या होत्या, तेही मला आवडलं होतं. मला घरी जाऊन सगळं सांगायचं होतं. मी पळतच आले. आई आणि सुमू जमिनीवर समोरासमोर बसले होते आणि हसत होते. सुमू तर पोट धरून हसत होता. मी दारातूनच विचारलं, काय झालं. सुमूनं हसू आवरत सांगायचा प्रयत्न केला, उंट आणि एक मामा असं काहीतरी, त्याचा मला अर्थ लागला नाही. "तुला न्हाय कळायचं, ताई," तो म्हणाला, "तू न्हवतीस की." त्याच्या मनात काही नव्हतं. आई लगेच उठली. तिनं मला ताट वाढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, आज काय शिकवलं म्हणून विचारलं, आणि माझं अर्धं सांगून होईतो ऐकलं. मग पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, चटणी हवी का अजून. मी नको म्हणाले. ती परत सुमूसमोर जाऊन बसली आणि त्यांनी पुढचं पान उघडलं.